एकसष्ट नांग्या

पेरलं तिथं उगवलं नाही, लावलं तिथं जळून गेलं, की ओळीत जी मोकळी जागा राहते तिला नांगी म्हणतात. वाटूरच्या आसपासच्या चार-पाच गावांत नांग्या भरायच्या म्हटलं की लोक आधी बेबीनंदाच्या दारात यायचे. कपाशी असो, मिरची असो की ऊस, तिच्या हातानं लावलेलं रोप मरत नाही अशी तिची ख्याती होती. ख्याती म्हणजे तरी काय, तर मालक बांधावरून हाळी द्यायचा, "त्या कडच्या ओळी बेबीनंदाला द्या." याच्या पलीकडे तिचं नाव कुठं लागलं नाही. हजेरीच्या वहीत 'बाया आठ' एवढंच लिहिलेलं असायचं.

तीस वर्षं तिनं लोकांची रानं अशी भरून दिली. आणि याच हातानं वाटोळं केलं ते पोटच्या लेकीच्या रानाचं. हे तिला कळलं तो डिसेंबरातला मंगळवार होता. दहाएक वाजले असतील. लेक उसाच्या ओळीत उकिडवी बसून खुरपं पुसत होती.

लेक म्हणजे ज्योत्स्ना. घरातली पहिली पदवी तिची, दुसरी पदवीही तिचीच, आणि आता कृषी विद्यापीठात पीएच.डी. चालू होती. विषय उसाचा. ऊस लावायच्या तीन तऱ्हा: उसाच्या कांडीची टिपरी कापून सरीत दाबायची, ही जुनी. दुसरी, कांडीवरचा कोंबाचा एकेक डोळा काढून ट्रेमध्ये रोपं करायची. तिसरी टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढवलेली. या तीन तऱ्हांनी लावलेल्या उसाच्या मुळांत कोणकोणते जिवाणू राहतात, ते तिला पाहायचं होतं. तिची पहिली लागवड विद्यापीठाच्या रानात होती. ती आदल्या वर्षी सप्टेंबरच्या पाण्यात बुडून कुजली. मुदतवाढ एकदाच मिळते, ती घेऊन झाली. येत्या मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द आणि चार वर्षं पाण्यात, हे घरातल्या मांजरालासुद्धा पाठ झालं होतं.

म्हणून दुसरी लागवड घरच्या रानात. पुंजारामनं, तिच्या बापानं, कपाशीचे वीस गुंठे काही न बोलता मोकळे करून दिले. फेब्रुवारीत बारा प्लॉट पडले. निळे झेंडे टिपरीचे, पिवळे ट्रेचे, पांढरे टिश्यूचे, प्रत्येकी चार. तिन्हीकडे जात एकच, खत एकच, विहीर एकच. विद्यापीठात परत जाताना ज्योत्स्ना आईला म्हणाली होती, "माय, पाणी दे, तण काढ. बाकी कशालाच हात लावू नको."

"बरं," बेबीनंदा म्हणाली होती.

आता 'हात लावू नको' या बोलण्याचा अर्थ रानात जन्म काढलेल्या बाईनं काय घ्यायचा? लेकरू झोपलंय, हात लावू नको असं सांगितलं तरी अंगावरचं पांघरूण सरकलं तर आई ते नीट करतेच. विद्यापीठातल्या कमिटीला ज्योत्स्नानं पडद्यावर तासभर सगळं समजावून दिलं होतं. जी बाई रोज त्या रानात पाणी धरणार होती तिला मात्र वरचं एक वाक्य. त्यात ज्योत्स्नाचा दोष म्हणावा तर आईला हे सांगावं लागेल असं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, त्या हुशार कमिटीच्याही नाही.

एप्रिलात ज्योत्स्ना दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेली आणि इकडे ऊन चढलं. टिपरीचा ऊस तगला, ट्रेचाही तगला. पांढऱ्या झेंड्यांची रोपं मात्र बाटलीत लाडानं वाढलेली, ती एकेक करून पिवळी पडायला लागली. बेबीनंदा पहाटे उठून झारीनं एकेकाच्या बुडाशी पाणी घालायची. तरी एका आठवड्यात जागोजागी नांग्या दिसायला लागल्या. लेकीचे साहेब आले आणि त्यांनी ही तुटकी ओळ बघितली तर म्हणतील काय? आणि तेही कुठं, तर बेबीनंदाच्या स्वतःच्या रानात.

ऊस लावणारा जाणता माणूस बांधाकडेला थोडी जादा टिपरी लावून ठेवतो, पुढं नांग्या भरायला कामी येतात म्हणून. बेबीनंदानंही ठेवली होती, ज्योत्स्नाच्याच उरलेल्या बेण्यातली. दोन दिवस ती आणि तिचं खुरपं. शेजारच्या रोपाच्या उंचीला जुळेल असं रोप निवडायचं, मुळाच्या ढेकळासकट उचलायचं, पात्याचे शेंडे छाटायचे, ओल्या खड्ड्यात बसवून टाचेनं दाबायचं. नांग्या भरणारी बाई मनात मोजत जाते, ही सवयच असते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं रोप दाबलं तेव्हा आकडा एकसष्ट होता. संध्याकाळी ज्योत्स्नाचा फोन आला, "माय, रोपं कशी हायेत?"

"समदी बराबर हायेत," ती म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

मेअखेर ज्योत्स्ना आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून रानात शिरली. पांढऱ्या झेंड्यांच्या ओळी तिनं दोनदा मोजल्या, मग मटकन बांधावर बसली आणि रडायलाच लागली. "एकबी रोप मेलं न्हाई, माय. एवढ्या उन्हात एकबी न्हाई." तिनं वहीत लिहिलं, मर शून्य, आणि आईच्या गळ्यात पडली. बेबीनंदाच्या जिभेवर आलं होतं की बाई, मेली होती, मी भरली. पण एक तर हात लावू नको म्हणून बजावलं होतं. आणि दुसरं, पहिली लागवड बुडाल्यापासून तिनं लेकीला इतकं खूश पाहिलं नव्हतं. ती मूग गिळून बसली. एवढीच तिची चूक, दोन दिवसांच्या कामाची आणि नंतर गप्प बसण्याची.

आज मुळं काढायचा दिवस होता. ज्योत्स्नाबरोबर आसिफा आली होती, तिच्याच प्रयोगशाळेतली मैत्रीण, टेंभुर्णीची. थर्माकोलचे दोन मोठे डबे, निर्जंतुक पिशव्या, स्पिरिटची बाटली असा सगळा सरंजाम होता. मुळं काढल्याबरोबर बर्फात ठेवायची होती, म्हणून पुंजाराम आणखी बर्फ आणायला मोटारसायकलवर वाटूर फाट्याला गेला होता. बेबीनंदा टिकाव घेऊन खणायला मदतीला.

काम असं चाललं होतं. आसिफाच्या हातात स्टीलचा डबा, त्यात चिठ्ठ्या. प्रत्येक प्लॉटमधून पाच बेटं, म्हणजे एकेका रोपाचे फुटून वाढलेले झुबके, काढायची, पण कोणती ते मनानं ठरवायचं नाही. चिठ्ठीत जी ओळ आणि जो आकडा निघेल तेच बेट. ज्योत्स्ना ओळीत शिरून मोजायची, बेबीनंदा बुडाशी खणायची, मग ज्योत्स्ना बारीक पांढऱ्या मुळ्या कापून पिशवीत घालायची. आणि दर वेळी खुरपं स्पिरिटनं पुसायची. एक निळा आणि एक पिवळा प्लॉट झाला, तोवर तिनं दहा वेळा ते पुसलं होतं.

"काहून गं पुसून राह्यली घडीघडी?" बेबीनंदानं विचारलं. "माती तर ह्याच रानाची हाय."

"ह्या बेटाचे जिवाणू त्या बेटाला लागू नये म्हणून, माय."

"लागले तर काय व्हतं?"

ज्योत्स्ना खुशीत होती. काम सुरळीत चाललं होतं, थंडी होती, ऊस डोक्याच्या वर दोन हात गेला होता. ती टाचांवर टेकून बसली आणि सांगायला लागली. "टिपरी लावली ना माय, तर तिच्या पोटात तिच्या आईचे जिवाणू असतात. डोळ्याला दिसत न्हाईत. मुळी फुटली की ते मुळीत उतरतात. काही हवेतलं नत्र धरून उसाला देतात, काही रोगाला आडवे व्हतात. ट्रेच्या रोपाला टिपरीचा इतकुसाच तुकडा, त्यातबी औषधात बुडवलेला. त्याला कमी मिळतं. आन् टिश्यूचं रोप तर बाटलीतलं, जवळजवळ धुतलेलं. त्याला आईकडून काहीच न्हाई. जे मिळवायचं ते ह्या मातीतून, स्वतःच्या हिमतीवर. दहा महिन्यांत त्यानं काय मिळवलं तेच तर मोजायचं हाय. माझा सगळा प्रबंध ह्या पांढऱ्या झेंड्यांवर उभा हाय."

"म्हंजे तापवलेलं दूध," बेबीनंदा हळूच म्हणाली. "आन् टिपरी म्हंजे विरजण लागलेलं."

ज्योत्स्ना मोठ्यानं हसली. "बराबर, माय. आसिफा, ऐकलं का? कमिटीसमोर मी हे सांगायला पाहिजे व्हतं. तापवलेल्या दुधात विरजणाचा एक थेंब जरी पडला तरी खेळ खलास."

एक थेंब. बेबीनंदानं एकसष्ट टाकले होते, तेही मुळाच्या ढेकळासकट, टाचेनं दाबून. तिच्या हातातला टिकाव सैल पडला. लेक हसतच होती आणि आसिफा ते विरजणाचं बोलणं मोबाईलमध्ये लिहून घेत होती. बेबीनंदाला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी आणि हा ऊस, हे झेंडे आणि आपण सगळे एकदम आत जावं.

"चला, आता पांढरा," ज्योत्स्ना म्हणाली.

पहिली चिठ्ठी निघाली. दुसरी ओळ, नववं बेट. हे बेट बेबीनंदाला माहीत होतं. शेजारी जमिनीतून वर आलेला काळा दगड होता. त्या दगडाला अडून खड्डा वाकडा झाला होता, म्हणून आठवत होतं. हे तिचं होतं. आई खणायला वाकत नाही म्हणून ज्योत्स्नानं स्वतःच टिकावासाठी हात पुढं केला.

"ते नको," बेबीनंदा म्हणाली. "तिथं मुंगळ्यांचं बीळ हाय. परवा मला चावले."

"मुंगळे? मला तर दिसत न्हाईत."

"आत हायेत. मुळं खाल्ली असतील त्यांनी. तुला खाल्लेली मुळं चालतील का?"

ज्योत्स्नानं क्षणभर विचार केला आणि आसिफाला दुसरी चिठ्ठी काढायला सांगितली. बेबीनंदाला वाटलं, जमलं. तिच्या डोक्यात भराभर हिशेब मांडला गेला. जी मी लावली ती काढू द्यायची नाहीत, बस. कुणाला काही कळायचं नाही, लेकीचं काम खरं ते खरंच राहील. बुडत्या माणसानं काडी धरावी तशी तिनं ही अक्कल घट्ट धरली.

दुसरी चिठ्ठी, चौथी ओळ, सतरावं बेट. बेबीनंदानं त्या बेटाकडे पाहिलं. हे माझं की बाटलीतलं? चौथ्या ओळीत तिनं तीन भरली होती की चार? सतराव्यावर होतं की सोळाव्यावर? तेव्हा रोपं वीतभर होती, मधली माती उघडी होती, वरून पाहिलं तर ओळ पाटीवरच्या अक्षरासारखी वाचता यायची. आता दहा महिन्यांचा ऊस अंगावर येत होता, पाचट पायात येत होतं, आणि प्रत्येक बुडखा शेजारच्या बुडख्यासारखाच होता. ज्योत्स्नानं खणलं, मुळं कापली, पिशवीवर नाव घातलं. पिशवी डब्यात गेली.

तिसऱ्या चिठ्ठीला ती पुन्हा म्हणाली, "हे नको." कारण विचारलं तर म्हणाली, उंदरानं पोखरलंय. हे तिनं निव्वळ भीतीनं म्हटलं. ते बेट कदाचित धुतल्या तांदळासारखं स्वच्छही असेल. चौथीला ती नुसतीच बेटाच्या आडवी उभी राहिली. आता ज्योत्स्ना हसत नव्हती.

"माय, तुला बरं वाटून राह्यलं ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मंग आडवी काहून व्हतेस? चिठ्ठीतलं बेट सोडता येत न्हाई मला. आपण निवडून काढायला लागलो तर मंग चिठ्ठ्या कशाला टाकायच्या? दोन सोडली तीच चूक झाली."

म्हणजे वाचवायला गेलो तेही बिघडवणंच. बेबीनंदाच्या लक्षात आलं की तिनं आता काहीही केलं तरी लेकीचं नुकसानच होतंय, बोललं तरी आणि गप्प बसलं तरी. ज्योत्स्ना टिकाव उचलत होती. तिच्या मनगटाला बेबीनंदानं धरलं.

"बाई, थांब. ह्यात म्या नांग्या भरल्यात."

ज्योत्स्नाला आधी कळलंच नाही. "कशात?"

"ह्या पांढऱ्यात. तू पुण्याला गेल्ती तवा. उन्हानं मेली व्हती रोपं. बांधावरल्या टिपरीची काढून भरली म्या."

उसात वारं नव्हतं. आसिफाच्या हातातला चिठ्ठ्यांचा डबा वाजला, तेवढाच आवाज झाला. ज्योत्स्नानं टिकाव अगदी हळू खाली ठेवला, कुणी झोपलं असावं तसा.

"किती?"

"एकसष्ट."

"चारही प्लॉटमध्ये?"

"चारीत."

"मी आले तवा सांगितलं काहून न्हाई?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बेबीनंदाला सोसलं असतं.

"तू रडत व्हती," बेबीनंदा म्हणाली. "खुशीनं."

ज्योत्स्नानं डोळे मिटले, उघडले. मग तिनं आईचा हात धरला आणि तिला ओळीच्या तोंडाशी नेलं. "ठीक हाय. कोणती ते दाखव. आसिफा, लाल फीत आण. माय, आठवून आठवून दाखव. जल्दी न्हाई. जेवढी तुझी तेवढी वगळू, शेजारची वगळू. कायतरी उरल."

बेबीनंदानं जीव एकवटला. पहिली ओळ तिनं बिनचूक दाखवली, निदान तिला तसं वाटलं. दुसऱ्या ओळीत दगडाचं. मग सहावं. मग बारावं, न्हाई, तेरावं. आसिफा फीत बांधत मागून येत होती. उसाची पाती गालाला, दंडाला कापत होती, आणि बेबीनंदा एकेका बुडख्याशी वाकून हातानं माती चाचपत होती. आपल्या टाचेची खूण आठ महिन्यांनी, सगळा पावसाळा सोसून अजून तिथं असेल असं तिला वाटत होतं की काय कुणास ठाऊक. तिसऱ्या ओळीच्या मधे ती थांबली. तिला काहीच आठवत नव्हतं. पण मागं लेक होती, आणि लेकीच्या तोंडावर ती आशा होती. मग तिनं बोट दाखवलं. हे. आणि हे. आणि ते कडचं. तिनं न थांबता दाखवत चार ओळी पुऱ्या केल्या. आता तिला एकसष्ट हा आकडा गाठायचा होता, बाकी काही नाही.

ज्योत्स्नानं मधेच आसिफाला थांबवलं. फिती सोडायला सांगितल्या. "माय, आता तिसरी ओळ पुन्यांदा दाखव."

बेबीनंदा तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी आली. आपण मघाशी काय दाखवलं होतं? पाचवं? सातवं? तिनं पाचवं दाखवलं, दहावं दाखवलं, आणि लेकीकडे पाहिलं. ज्योत्स्नाच्या हातात वही होती. तिनं मघाचे आकडे गुपचूप लिहून घेतले होते. तिनं वही मिटली.

"मघा तू चौथं आन् आठवं म्हणाली व्हतीस."

बेबीनंदा तिथंच पाचटावर बसली. खोटं बोलून लेकीला वाचवायचं ठरवलं होतं आणि तेही धड जमलं नाही. तिला रडू येत नव्हतं. जिच्या हातचं रोप मरत नाही म्हणून चार गावं नाव काढायची, त्या हाताकडे ती बघत राहिली. तिला तो हात तोडून टाकावासा वाटला.

ज्योत्स्नानं रामराव सरांना फोन लावला. ते तिचे मार्गदर्शक. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. सरांनी आधी टक्के विचारले. ती म्हणाली, तेरा. मग विचारलं, ओळखू येतात का? ती म्हणाली, नाही, जात एकच आहे, मशीनलाही ओळखता येणार नाही.

"आठ महिन्यांत शेजारच्या बेटांनाही लागण झालीच असणार," सर म्हणाले.

"हो, सर."

"टिश्यू बाद केलं तर प्रबंधात उरतं काय?"

"काही न्हाई, सर."

"आणि नवी लागवड मार्चच्या आत..." त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "तुझ्या वहीत मर शून्य लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मी काही वही तपासायला येणार नाहीये, ज्योत्स्ना. तू ठरव." आणि फोन बंद झाला.

आसिफा म्हणाली, "अगं, आपल्या तिघींना आन् सरांनाच माहीत हाय. मी बिलकुल बोलणार न्हाई." ती मनापासून म्हणाली, मैत्रिणीचा जळता जीव बघवत नव्हता म्हणून. बेबीनंदाला तर देव भेटल्यासारखं झालं. ती गुडघ्यांवर पुढं सरकली, तिनं लेकीचे दोन्ही पाय धरले. आईनं लेकीचे पाय धरावेत ही गोष्ट चांगली नव्हे, पण त्या वेळी चांगलं-वाईट बघायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

"लिहू नको, बाई. म्या मरेस्तोवर कोणाला सांगणार न्हाई. तुझ्या बापालाबी न्हाई. चार वर्षं हायेत तुझी. म्या काहीच केलं न्हाई असं समज. तुझ्या पाया पडते."

ज्योत्स्ना खाली बसली. तिनं आईचे हात पायांवरून सोडवले आणि ते तसेच आपल्या मांडीवर धरून ठेवले. ती विचार करत होती, हे बेबीनंदाला दिसत होतं. तिची नजर त्या मिटलेल्या वहीवर होती. एकदा तिनं वही पिशवीत टाकलीसुद्धा. मग तिनं ती परत काढली.

"माय, हे छापून येईल," ती म्हणाली. "टिश्यूचं एकबी रोप उन्हाळ्यात मेलं न्हाई, असं. वाटूरचा न्हाईतर परतूरचा कोणीतरी वाचल. त्याला खरं वाटल. तो आपल्या रानात लावल. एप्रिलात त्याची मरतील. त्याच्या नांग्या कोण भरल?"

तीस वर्षं लोकांच्या नांग्या तिनंच भरल्या होत्या.

मोटारसायकलचा आवाज आला. पुंजाराम बर्फाचं पोतं खांद्यावर घेऊन उसात शिरला, पाठीवरून पाणी गळत होतं. "जल्दी धरा, वितळून राह्यलाय," तो म्हणाला. कुणी पुढं आलं नाही. त्यानं तिघींकडे पाहिलं, जमिनीवर बसलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि पोतं खांद्यावर तसंच ठेवून उभा राहिला.

ज्योत्स्नानं वहीचं मे महिन्याचं पान काढलं. 'मर शून्य' यावर तिनं एक सरळ रेघ मारली, आतलं वाचता येईल अशी. खाली लिहायला लागली आणि लिहिता लिहिता विचारत गेली. कोणत्या तारखा? रोपं कुठली? किती दिवसांची? बेबीनंदा सांगत गेली. हे सगळं तिला आठवत होतं. जे पाहिजे होतं तेवढंच आठवत नव्हतं.

"भरलेली रोपं एकसष्ट," ज्योत्स्ना लिहीत म्हणाली. "त्यातली पुढं मेली किती?"

"एकबी न्हाई," बेबीनंदा म्हणाली. तिच्या तोंडून ते जुन्या सवयीनं, जरा ताठ मानेनं निघून गेलं, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

ज्योत्स्नानं तेही लिहिलं. मग शेवटची ओळ लिहून वही आईपुढं केली. ज्योत्स्ना सातवीत असताना तिनंच आईला अक्षरं आणि सही शिकवली होती, चुलीपुढं, कोळशानं. बेबीनंदानं अक्षरांवरून बोट फिरवत हळूहळू वाचलं. 'नांग्या भरणार: बेबीनंदा पुंजाराम हिवाळे.'

तिचं पूर्ण नाव रानाच्या वहीत कुणी पहिल्यांदाच लिहिलं होतं.

"इथं सही कर, माय," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज आता फुटला. बेबीनंदानं हाताची माती लुगड्याला पुसली, पेन घेतलं आणि लेकीनं दाखवलं तिथं सही केली.